पूर्वजांच्या श्रद्धेचा माग : मेरीलँड वसाहतीतील कॅथलिक स्थलांतरित आणि त्यांच्या नोंदी

नव्या कराराचे पहिले पान उघडताच आपल्यासमोर येते ती नावांची एक लांबलचक यादी. संत मत्तय अब्राहामापासून आरंभ करून प्रभू येशूपर्यंत पिढ्या मोजत येतो. संत लूक उलट दिशेने थेट आदामापर्यंत पोहोचतो. मिस्साविधीत हे वाचन आले की आपण ते जरा घाईनेच ऐकतो. तथापि मत्तयाच्या यादीत एक गोष्ट विशेष आहे. एखादे घराणे जी नावे झाकून ठेवील, ती तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी ही नावे त्याने जाणूनबुजून नोंदविली आहेत. तसेच एज्राच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांची हकीकत आहे. त्यांना आपली वंशावळीची नोंद सापडली नाही आणि म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. नोंद सापडणे वा न सापडणे यावर माणसाचे भवितव्य अवलंबून असते, हे त्या काळीही लोकांना ठाऊक होते.

आजकाल अमेरिकेतील असंख्य कुटुंबे आपले मूळ शोधण्यात गुंतलेली असतात. आपला पहिला पूर्वज समुद्र ओलांडून कधी आला, कोठून आला, आणि तो कोणत्या पंथाचा होता, हे तीन प्रश्न त्या शोधाच्या केंद्रस्थानी असतात. यांतील तिसरा प्रश्न वरवर पाहता दुय्यम वाटतो. पण सतराव्या शतकातील इंग्लंडमधून निघालेल्या माणसाच्या बाबतीत बहुधा त्याचेच उत्तर पहिल्या दोहोंची गुरुकिल्ली ठरते. प्रस्तुत लेखात आम्ही मेरीलँड या एकाच वसाहतीचे उदाहरण घेऊन, अशा पूर्वजाचा माग कसा काढला जातो आणि त्या वाटेवर काय काय हाती लागते, हे वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

दंडाच्या यादीत सापडणारी श्रद्धा

प्रथम इंग्लंडमधील परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. राजा आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ साली, थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश काढला. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदी सर्वत्र बंधनकारक केल्या. परंतु तोवर इंग्लंड रोमपासून विभक्त झाले होते. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत, १५५९ च्या कायद्यानुसार, राज्यमान्य चर्चमध्ये रविवारी हजर न राहणाऱ्यास बारा पेन्स दंड होऊ लागला. १५८१ मध्ये तो महिन्याला वीस पौंड इतका जबर करण्यात आला. १५८५ च्या कायद्याने तर परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमध्ये केवळ असणे हाच राजद्रोह ठरविला.

अशा वातावरणात कोणता धर्मगुरू स्नानसंस्काराची नोंदवही बाळगणार? ती सापडली तर तीच साऱ्या कुटुंबांविरुद्ध पुरावा झाली असती. म्हणूनच त्या काळातील इंग्रज कॅथलिकांच्या स्वतःच्या नोंदवह्या अगदी क्वचितच आढळतात. मग संशोधक काय करतात? ते छळ करणाऱ्यांचे कागद वाचतात. चर्चमध्ये न जाणाऱ्यांवर बसविलेल्या दंडांच्या सरकारी याद्या १५९२ पासून जवळजवळ शंभर वर्षे ठेवल्या गेल्या व त्या लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपून ठेवलेल्या आहेत. ज्या लेखणीने या माणसांना गुन्हेगार म्हणून नोंदविले, तीच लेखणी आज त्यांच्या श्रद्धेची साक्षीदार ठरते.

दुसरे साधन समुद्रापलीकडे, युरोप खंडावर आहे. इंग्रज कॅथलिकांनी आपली मुले गुपचूप फ्रान्स व फ्लँडर्समध्ये शिकावयास पाठविली. येशूसंघीयांनी १५९३ मध्ये सेंट ओमेर येथे स्थापन केलेले विद्यालय आणि इंग्रज धर्मभगिनींचे मठ यांच्या प्रवेशनोंदींमधून अनेक घराण्यांचे धागे जुळतात. पुढे मेरीलँडमधील कॅथलिकांनीही हाच मार्ग धरला. अमेरिकेचे पहिले महागुरू जॉन कॅरल यांचा जन्म १७३५ साली मेरीलँडमध्ये झाला, पण त्यांचे शिक्षण सेंट ओमेरलाच झाले. कारण मायदेशी कॅथलिक शाळा चालविणे कायद्याने निषिद्ध होते.

'आर्क' आणि 'डव्ह'

जॉर्ज कॅल्व्हर्ट हा राजा पहिला जेम्स याचा मंत्री होता. १६२५ मध्ये त्याने आपण कॅथलिक असल्याचे उघड केले आणि मंत्रिपद सोडले. पुढे राजा पहिला चार्ल्स याच्याकडून अमेरिकेत वसाहत स्थापण्याची सनद मिळण्यापूर्वीच, १६३२ च्या एप्रिलमध्ये तो निवर्तला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती सनद त्याचा पुत्र सेसिल याच्या नावे झाली. राजाची कॅथलिक पत्नी हेन्रिएटा मारिया हिच्या नावावरून वसाहतीस मेरीलँड हे नाव पडले.

'आर्क' आणि 'डव्ह' ही दोन जहाजे २२ नोव्हेंबर १६३३ रोजी वाइट बेटावरील काऊज येथून निघाली. त्यांत सुमारे १४० माणसे होती. कॅथलिक आश्रयस्थान म्हणून या वसाहतीची ख्याती असली, तरी प्रवाशांत प्रॉटेस्टंटांचीच संख्या अधिक होती. पुढारी मंडळी बव्हंशी कॅथलिक, तर करारबद्ध नोकर बव्हंशी प्रॉटेस्टंट असे त्याचे स्वरूप होते. सेसिल कॅल्व्हर्टने कॅथलिकांना लेखी सूचना दिली होती की, प्रवासात आपले धर्माचरण शक्य तितके खाजगीत करावे व धर्मावर वादविवाद टाळावा. २५ मार्च १६३४ रोजी, मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाच्या सणादिवशी, येशूसंघीय धर्मगुरू अँड्र्यू व्हाइट यांनी सेंट क्लेमेंट बेटावर पवित्र मिस्सा अर्पण केला. मेरीलँडमध्ये हा दिवस आजही राज्याचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो.

प्रवाशांची यादी नाही. मग नावे कोठून मिळतात?

'माझा पूर्वज आर्क जहाजातून आला' असे सांगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. पण या जहाजांच्या प्रवाशांची संपूर्ण यादी उपलब्ध नाही. जहाज लंडनजवळ असताना अधिकाऱ्यांनी राजनिष्ठेची शपथ घेवविली आणि सुमारे १२८ जणांनी ती घेतल्याचे कळविले. तथापि येशूसंघीय धर्मगुरू नंतर, वाइट बेटावर जहाजात चढले. म्हणजे ज्यांचा शोध आपल्याला सर्वांत अधिक हवा, तेच त्या गणनेत नाहीत.

नावे सापडतात ती जमिनीच्या दप्तरात. वसाहतीत माणसे आणणाऱ्यास, आणलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे जमीन देण्याची पद्धत होती. तिला 'हेडराइट' म्हणत. १६८३ पर्यंत ती मेरीलँडमध्ये चालली. जमिनीवर हक्क सांगताना अर्जदार आपण कोणाकोणाला, कोणत्या वर्षी आणले त्यांची नावे लिहून देई. अशा दाव्यांतून हजारो सामान्य नोकरचाकरांची नावे टिकली. ही कागदपत्रे अॅनापोलिस येथील मेरीलँड राज्य अभिलेखागारात आहेत. येथेही सावधगिरी हवी. दावा आगमनानंतर कित्येक वर्षांनी केलेला असू शकतो. आणि नाव दाव्यात असणे एवढ्यावरून त्या माणसाचा धर्म ठरत नाही. धर्मगुरूंनाही या कागदांत 'फादर' म्हटलेले नाही. 'मिस्टर' असाच त्यांचा उल्लेख येतो. काही जण तर टोपणनावाने वावरत. फादर थॉमस कोपली हे फिलिप फिशर या नावानेही ओळखले जात. ही बाब ठाऊक नसेल तर संशोधक एका माणसाची दोन माणसे करून बसतो.

मथायस द सूझा : नाव काय सांगते, काय सांगत नाही

येशूसंघीयांच्या अशाच एका जमीन-दाव्यात फादर व्हाइट यांनी आणलेल्या माणसांमध्ये मथायस सूझा हे नाव आहे. त्याच्यापुढे मिश्रवंशीय या अर्थाचा शब्द लिहिलेला आहे. तो १६३४ मध्ये करारबद्ध नोकर म्हणून आला, कराराची मुदत संपल्यावर स्वतंत्र झाला, १६४१ मध्ये सस्केहॅनॉक या मूळनिवासी लोकांशी व्यापार करण्यासाठी गेलेल्या नौकेचे नेतृत्व त्याने केले आणि मार्च १६४२ मध्ये तो वसाहतीच्या विधिसभेत स्वतंत्र नागरिक म्हणून उपस्थित होता. आफ्रिकी वंशाचा असा मान मिळविणारा तो अमेरिकेतील पहिला पुरुष मानला जातो. त्याच वर्षी कर्जामुळे त्याच्यावर खटले झाले आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा चाकरी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. त्यानंतर तो कागदपत्रांतून नाहीसा होतो.

हे आडनाव वाचताच आमच्या वाचकांचे कान टवकारले असतील, कारण वसई, मुंबई आणि गोव्यात डिसोझा घराण्यांना तोटा नाही. आपण जाणतो की पोर्तुगीज अमदानीत स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव घेण्याची चाल होती. म्हणून आडनावावरून आपण कोणाच्या रक्ताचे हे कळत नाही. आपल्या पूर्वजाचा स्नानसंस्कार कोणत्या राजवटीत झाला, एवढेच फार तर कळते. मथायसच्या बाबतीतही हेच खरे. त्याच्या नावावरून पोर्तुगीज जगाशी आणि बहुधा कॅथलिक श्रद्धेशी असलेला संबंध सूचित होतो. त्याचे जन्मस्थान, त्याचे मातापिता याविषयी ते नाव मौन पाळते. चांगला संशोधक त्या मौनाचा मान राखतो.

याच ओघात आणखी एक इशारा देणे आवश्यक आहे. मेरीलँड व व्हर्जिनियाच्या सतराव्या-अठराव्या शतकांतील न्यायालयीन कागदांत काही नोकरांचे व गुलामांचे वर्णन 'ईस्ट इंडियन' असे केलेले आढळते. त्याचा अर्थ हिंदुस्थान व त्याच्या आसपासच्या पूर्वेकडील प्रदेशांतून आणलेली माणसे एवढाच होय. आपल्याकडील ईस्ट इंडियन समाजाने हे नाव १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात धारण केले. तेव्हा शब्द सारखा दिसला म्हणून नाते जोडण्याचा मोह आवरावा.

वर्षारंभ पंचवीस मार्चला

जुन्या इंग्रजी कागदांत तारखांचा एक सापळा असतो. १७५२ पूर्वी इंग्लंड व त्याच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्च रोजी सुरू होई. म्हणून मथायस विधिसभेत उपस्थित होता ते वर्ष आज आपण १६४२ म्हणतो, पण मूळ कागदात ते १६४१ आहे. हा फरक न ओळखल्यास मुलाचा जन्म आईबापांच्या विवाहाआधी झाल्यासारखा दिसतो आणि एखाद्या सुशील पूर्वजाच्या माथी नाहक कलंक येतो. सेंट क्लेमेंट बेटावरील तो पहिला मिस्सा त्यांच्या गणनेनुसार नववर्षाच्या पहिल्याच दिवशी अर्पण झाला होता, हेही यावरून लक्षात येईल.

दारे बंद होतात

मेरीलँडच्या विधिसभेने २१ एप्रिल १६४९ रोजी धर्मविषयक कायदा संमत केला. प्रभू येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या कोणासही त्याच्या धर्मासाठी त्रास देऊ नये, असे त्यात म्हटले होते. त्याच कायद्यात त्रैक्य नाकारणाऱ्यास देहान्त शासन होते, हेही विसरता कामा नये. ही सहिष्णुता त्या काळाच्या मानाने मोठी होती, पण ती टिकली नाही. त्यापूर्वीच, १६४५ मध्ये रिचर्ड इंगल याने वसाहतीवर हल्ला करून लूटमार केली होती. फादर व्हाइट यांना त्या वेळी बेड्या घालून इंग्लंडला नेण्यात आले. आपण स्वेच्छेने आलो नाही, आणले गेलो, असा त्यांचा बचाव होता. तो मान्य होऊन त्यांचे प्राण वाचले. मेरीलँडला मात्र ते पुन्हा परतू शकले नाहीत. त्या धुमश्चक्रीत वसाहतीचे बरेच कागदही नष्ट झाले.

१६८९ च्या बंडानंतर कॅल्व्हर्ट घराण्याची सत्ता गेली. १७०४ साली सेंट मेरी नगरातील विटांच्या ख्रिस्तमंदिराला टाळे ठोकण्यात आले. सार्वजनिक मिस्साला बंदी आली; केवळ खाजगी घरांत उपासना करण्याची मोकळीक उरली. त्याच सुमारास आयरिश नोकर आणण्यावर कर बसविण्यात आला, हेतू हा की कॅथलिकांची संख्या वाढू नये. १७१८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकार काढून घेण्यात आला आणि १७५६ मध्ये त्यांच्या जमिनीवर दुप्पट कर आला. जी वसाहत कॅथलिकांना श्वास घेता यावा म्हणून स्थापन झाली, तीत कॅथलिक पुन्हा घरात लपून मिस्सा ऐकू लागले.

याचा परिणाम नोंदींवरही झाला. मेरीलँडमधील सुरुवातीच्या कॅथलिक स्नानसंस्कारांच्या नोंदवह्या जवळजवळ नाहीतच. तेरा वसाहतींतील सर्वांत जुन्या टिकून राहिलेल्या कॅथलिक नोंदवह्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील गोशेनहॉपन येथील आहेत. येशूसंघीय फादर थिओडोर श्नायडर यांनी त्या १७४१ पासून लिहावयास घेतल्या. मेरीलँडमध्ये संशोधकाला आडवाटेने जावे लागते. मृत्युपत्र हे त्यातले उत्तम साधन. धर्मगुरूला वा ख्रिस्तमंदिराला दिलेली देणगी, आपल्या आत्म्यासाठी प्रार्थनेची विनंती, मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवावे ही इच्छा, मृत्युपत्राचे साक्षीदार कोण, या साऱ्यांवरून घराण्याचा धर्म उमगतो. शपथ घेण्यास नकार दिल्याची नोंद, दुप्पट कर भरल्याची नोंद हीही तितकीच बोलकी असते. काही वेळा कॅथलिक बालकाच्या जन्माची नोंद अँग्लिकन नोंदवहीत सापडते. तेवढ्यावरून ते कुटुंब अँग्लिकन झाले असे मानू नये.

एका विवाहाची साक्ष

येथवर वाचून कोणी म्हणेल की, हा सारा सुखवस्तू लोकांचा छंद आहे. तसे नाही. मेरीलँडमध्ये पूर्वज कोण हे सिद्ध करण्यावर माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून होते.

एलेनर बटलर ही आयरिश तरुणी लॉर्ड बाल्टिमोरची चाकर म्हणून वसाहतीत आली. लोक तिला आयरिश नेल म्हणत. १६८१ मध्ये तिने चार्ल्स नावाच्या आफ्रिकी गुलामाशी विवाह केला आणि तो विवाह कॅथलिक धर्मगुरूने लावला. १६६४ च्या कायद्यानुसार गुलामाशी विवाह करणारी स्वतंत्र स्त्री पती जिवंत असेपर्यंत त्याच्या मालकाची दासी होई आणि तिची मुले गुलाम ठरत. लॉर्ड बाल्टिमोरने तिला परोपरीने समजावले. पण आपला निश्चय तिने सोडला नाही, असे पुढे साक्षीदारांनी सांगितले. तिची मुले, नातवंडे, पतवंडे गुलामगिरीतच जन्मली.

सुमारे नव्वद वर्षांनी, तिचे वंशज विल्यम आणि मेरी बटलर हे पतीपत्नी न्यायालयात गेले. आमची पूर्वज स्वतंत्र स्त्री होती, म्हणून आम्हीही स्वतंत्र आहोत, असा त्यांचा दावा होता. वयोवृद्ध शेजाऱ्यांनी त्या जुन्या विवाहाविषयी ऐकलेले सांगितले. १७७० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. पण पुढल्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो फिरविला. त्यांची मुलगी मेरी हिने धीर सोडला नाही. तिने पुन्हा दावा लावला आणि १७८७ मध्ये तो जिंकला. नेलला गुन्ह्यासाठी दोषी ठरविल्याची कोणतीही न्यायालयीन नोंद नाही, तेव्हा तिला व तिच्या वंशजांना गुलाम ठरविता येत नाही, असा त्या निर्णयाचा गाभा होता. एका नोंदीच्या अभावाने एज्राच्या काळात याजकपद गेले होते. येथे एका नोंदीच्या अभावाने स्वातंत्र्य परत मिळाले.

असेच क्वीन घराण्याचे झाले. एडवर्ड क्वीन याने आपली आजी मेरी क्वीन ही लंडनहून आलेली स्वतंत्र स्त्री असल्याचे सांगून दावा लावला आणि १७९४ मध्ये तो जिंकला. त्याचा मालक कोण होता? फादर जॉन अॅश्टन, एक कॅथलिक धर्मगुरू. त्याच घराण्यातील मायमा क्वीन हिचा दावा मात्र १८१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, कारण तिचा पुरावा ऐकीव होता. पिढ्यानपिढ्या आईने मुलीला सांगितलेली गोष्ट न्यायालयापुढे उभी राहू शकली नाही.

१९ जून १८३८ चा कागद

वाचकहो, येथे एक कटू सत्य स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ज्यांनी स्वतः श्रद्धेपायी दंड भरले, तुरुंग भोगले, घरात लपून मिस्सा ऐकला, त्या मेरीलँडच्या कॅथलिकांनी आणि त्यांच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी माणसांना गुलाम म्हणून बाळगले. त्यांच्या शेतमळ्यांवर राबणारी ही माणसे बव्हंशी स्नानसंस्कार घेतलेली कॅथलिक होती. एकाच वेदीवर ते ख्रिस्तप्रसाद घेत.

१८३८ साली प्रांताधिपती फादर थॉमस मलेडी यांनी अशा २७२ स्त्री-पुरुष-बालकांची लुईझियानातील दोन मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विक्री ठरविली. त्या रकमेचा काही भाग आज जॉर्जटाउन विद्यापीठ म्हणून नावाजलेल्या संस्थेचे कर्ज फेडण्यासाठी वापरला गेला. कुटुंबांची ताटातूट करू नये, त्यांना धर्माचरण करता यावे, या रोमहून घातलेल्या अटी पाळल्या गेल्या नाहीत. १९ जून १८३८ च्या करारपत्रात त्या माणसांची नावे व वये आहेत. यादीतील पहिले नाव आयझॅक.

विकणाऱ्यांनी मालाची यादी म्हणून लिहिलेला तो कागद आज वंशजांच्या हाती पडला आहे. त्यावरील नावे लुईझियानातील कॅथलिक ख्रिस्तमंदिरांच्या स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली आणि हजारो वंशजांना आपले पूर्वज सापडले. कॉर्नेलियस हॉकिन्स हा त्यांतलाच एक. विक्रीच्या वेळी तो बालवयीन होता; मॅरिंगुइन गावच्या कॅथलिक दफनभूमीत त्याची कबर आहे. ज्या ख्रिस्तसभेच्या सेवकांनी त्यांना विकले, तिच्याशीच या माणसांनी व त्यांच्या मुलाबाळांनी एकनिष्ठा राखली आणि त्या निष्ठेमुळेच त्यांचा माग लागला. यापुढे आम्हांस मस्तक नमविण्यावाचून काही सुचत नाही.

१८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाउन येथे स्मरण, पश्चात्ताप व आशा यांचा उपासनाविधी झाला आणि येशूसंघाच्या वतीने फादर टिमथी केसिकी यांनी वंशजांसमोर क्षमायाचना केली. पूर्वी फादर मलेडी यांचे नाव असलेल्या इमारतीस आयझॅक हॉकिन्सचे नाव देण्यात आले. २०२१ मध्ये येशूसंघाने वंशजांच्या सहकार्याने उभारलेल्या प्रतिष्ठानासाठी दहा कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले.

शोधकाने पाळावयाची पथ्ये

या सर्व उदाहरणांतून काही नियम आपोआप निघतात. आरंभ नेहमी स्वतःपासून करावा आणि एकेक पिढी मागे जावे. प्रसिद्ध पूर्वज आधी निवडून त्याच्यापासून खाली येऊ नये. घरातील वृद्धांकडून ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून लिहून ठेवावी. तिला पुरावा समजू नये आणि कचराही समजू नये. एका नावाची जितकी रूपे संभवतात तितकी शोधावीत. नाव वा आडनाव यावरून धर्म अथवा वंश ठरवू नये. धर्ममातापिता, साक्षीदार आणि शेजारी यांची नावे अवश्य टिपावीत. माणसाचा पंथ त्याच्या गोतावळ्यावरून अधिक कळतो. नोंद सापडली नाही तर ती का नाही, याचे कारण त्या काळच्या कायद्यांत शोधावे. आणि शेवटचे पथ्य सर्वांत अवघड आहे : जे सापडेल ते स्वीकारावे. एकाच घराण्यात श्रद्धेसाठी दंड भरणारा आजोबा आणि माणसे विकत घेणारा नातू, दोघेही भेटू शकतात. एकाची तसबीर लावावी आणि दुसऱ्याचे पान फाडावे, हा इतिहास नव्हे.

संत मत्तयाने तसे केले नाही. तामार, राहाब, उरियाची पत्नी यांची नावे त्याने गाळली नाहीत आणि त्याच यादीच्या अखेरीस आपला तारणारा जन्मला.

आमच्या धर्मग्रामांच्या कार्यालयांत कपाटात ठेवलेल्या नोंदवह्यांकडे या दृष्टीने पाहावे, अशी आमची वाचकांना व विशेषतः त्या वह्या सांभाळणाऱ्यांना नम्र विनंती आहे. वाळवी, ओल आणि निष्काळजीपणा यांपासून त्या जपाव्यात. नवी नोंद करताना नाव, गाव, मातापिता, धर्ममातापिता स्पष्ट अक्षरांत लिहावेत. आज घाईने खरडलेली एक ओळ दोनशे वर्षांनंतर कोणाला तरी आपण कोण आहोत हे सांगणार आहे, आणि सांगणारा दुसरा कोणीही तेव्हा उरलेला नसेल.